संक्रांतीची भरती

दिनांक १४ जानेवारी २०२१, गुरुवार, मकरसंक्रांत.
स्थळ : आयर्लंडचा पश्चिम किनारा, गॉलवे शहरापासून गाडीने दीड तासावरचं एक लहान खेडं.
हजर : मी, म्हणजे वर्षा, वय चव्वेचाळीस, मूळ नाशिकची. केतकी, वय सव्वीस, नागपूरची, माझ्यासोबत घर शेअर करणारी. नोरा, आमची घरमालकीण, सत्तरी ओलांडलेली, वरच्या वळणावरच्या घरात राहणारी. चौथं कोणी नव्हतं. हे मुद्दाम लिहिते आहे.

मी या सदरातले भुताखेतांचे अनुभव नेमाने वाचते. वाचून झाले की नवऱ्याला मोठ्याने ऐकवते आणि मग आम्ही दोघं हसतो. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता आणि पिंपळावर तर आजही नाही. वीस वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काढली. तिथे सलाइनच्या नळ्या बनायच्या. एखादी बॅच बिघडली आणि सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आपोआप झालं," की मी त्याला परत पाठवायचे. आपोआप काही होत नाही. जा, शोधून आण. माझं हे वाक्य तिथे चेष्टेचा विषय होतं. निरोप समारंभात पोरांनी केकवरसुद्धा तेच लिहून आणलं.

तर अशी मी, मुलगा हॉस्टेलला गेल्यावर नोकरी सोडून, गॉलवेला मेडिकल डिव्हाइसच्या मास्टर्सला आले. कोर्स सप्टेंबरमध्ये सुरू झाला होता. तेव्हा व्हिसा अडकला, म्हणून पहिली टर्म नाशिकच्या स्वयंपाकघरातून केली. शेवटी डिसेंबरच्या अखेरीस विमानात बसले. सोबत केतकी. ती त्याच विद्यापीठात, पण डेटा ॲनालिटिक्सला. विद्यार्थ्यांच्या एका ग्रुपवर आमची ओळख झाली. शहरात भाडी परवडेनात, आणि वर्ग तर अजून ऑनलाइनच होते. पर्यटक बंद झाल्यामुळे किनाऱ्यावरची सुट्टीची घरं स्वस्तात मिळत होती. गॉलवेतल्या एका मराठी डॉक्टरीणबाईंनी नोराचं घर सुचवलं.

निघायच्या आधी केतकीच्या आईने मला व्हिडिओ कॉल केला होता. "ताई, पोरगी हुशार आहे पण धांदरट आहे जी. लक्ष ठेवजा. तिचं नुकतंच लगन झालंय... तुमच्या भरोशावर पाठवून राहिले." मी म्हटलं, काळजी करू नका. मी असं म्हटलं की ते काम माझ्या यादीत चढतं आणि पूर्ण होईपर्यंत उतरत नाही.

इथला अंधार मात्र माझ्या कोणत्याही यादीत नव्हता. सकाळी नऊपर्यंत मिट्ट काळोख. मग राखाडी, ओलसर असा कसलासा उजेड. त्याला दिवस म्हणायचं. चार वाजून गेले की तोही निघाला घरी. त्यात वारा असा, की दाराची मूठ दोन्ही हातांनी धरावी लागे. केतकी म्हणाली, "ताई, एजंटनं चुकून ध्रुवावर तर नाही पाठवलं ना आपल्याला?" घड्याळ आणि पोट यांचं जमेना. चार वाजता चहा प्यायचा तर बाहेर रात्र! नागपूरच्या मुलीला चार म्हणजे भर दुपार. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आल्यावर चौदा दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं. नोरा दारात सूप आणि ब्रेड ठेवून जायची आणि फाटकाबाहेरून ओरडून बोलायची. "ऑल ग्रँड, गर्ल्स?" आम्ही आतून, "ग्रँड, नोरा!" इथे ग्रँड म्हणजे ठीक. दुसऱ्याच दिवशी तिने बाहेरच्या खोलीतल्या खिडकीकडे बोट दाखवलं होतं. तिथे प्लॅस्टिकची एक मेणबत्ती ठेवलेली होती. टोकाला ज्योतीच्या आकाराचा पिवळा बल्ब, बुडाला दोन बारीक पेन्सिल सेल. नाताळात इथे प्रत्येक खिडकीत अशी असते, वाटसरूसाठी. सहा जानेवारीनंतर सगळे काढून ठेवतात. "ही मात्र मी हिवाळाभर ठेवते. माझी आई ठेवायची, म्हणून," नोरा म्हणाली. मला ते सोयीचंच वाटलं, कारण आदल्याच संध्याकाळी मी निरांजन लावलं आणि छतावरचा धुराचा अलार्म असा कोकलला की नोरा स्वेटर घालत बाहेर आली. तेव्हापासून तिन्हीसांजेला मी त्या मेणबत्तीचं बटण दाबायचे आणि हात जोडायचे. देवाला सेल चालतात. मी त्याबाबतीत कडक नाही.

आता संक्रांतीचा दिवस.

आमचे चौदा दिवस आदल्या दिवशी संपले होते. त्याआधीच्या आठवड्यात केतकीला ताप येऊन गेला होता. टेस्ट निगेटिव्ह आली, तरी मी रोज सकाळी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा तिच्या आईला कळवत होते. त्या सकाळी ऑक्सिमीटर लागेचना. सेल संपले होते. दुकान लांब, नोरा शुक्रवारी सामान आणायला जायची, तिला द्यायच्या यादीत सेल होतेच. तोवर काय करायचं? मी खिडकीतली मेणबत्ती आडवी केली, बुडाचा स्क्रू काढला, आतले दोन्ही सेल काढून ऑक्सिमीटरमध्ये घातले. स्क्रू आणि झाकण हरवू नये म्हणून बशीत ठेवलं, आणि मेणबत्ती तशीच आडवी, उघड्या बुडाची, बशीशेजारी. म्हणजे येता-जाता दिसेल आणि सेल घालायचे आहेत याची आठवण राहील. ही माझी पद्धत आहे.

केतकी तिळगूळ वळत होती. तिने मान वळवून बघितलं.

"देवाच्या दिव्यातले सेल काढून राहिल्या ताई? आज सणाच्या दिवशी?"

"देवाला चालतं. तुझ्या आईला आकडा न मिळालेला चालत नाही. बोट दे."

सत्त्याण्णव. आईला कळवलं.

"घ्या, तिळगूळ घ्या आणि गोड बोला. काल एक कप विसळायचा राहिला तर केवढ्या बोलल्या मला."

"एक नव्हता, तीन होते."

केतकीचं लग्न नोव्हेंबरमध्ये झालेलं, मोजक्या माणसांत, तोंडाला मास्क लावून. नवरा रोहित पुण्यात व्हिसाच्या रांगेत. लग्नानंतरची ही पहिली संक्रांत, म्हणून सासूबाईंनी स्वतः हलवा करून त्याचे दागिने ओवले होते. हार, बांगड्या, कानातलं, बिंदी, अगदी मंगळसूत्रसुद्धा. हातसामानात उबदार कपड्यांच्या मध्ये ठेवून ते डबे इथवर आणले होते. काळी साडी, त्यावर पांढरेशुभ्र दागिने, आणि एक फोटो. सासूबाईंची एवढीच मागणी होती. "हळदीकुंकू तर नाही करता येणार यंदा, फोटो तरी पाठव, चारजणींना दाखवते."

घरात उजेड नव्हता. मी दोन फोटो काढून बघितले, दोन्हीत ती साडी नव्हे तर अंधारच नेसल्यासारखी दिसत होती. दुपारी माझा वर्ग होता. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून, कानात हेडफोन घालून बसले. हे स्वयंपाकघर घराच्या मागच्या बाजूला, रस्त्याकडे. बाहेरची खोली समुद्राकडे. ऊब जाऊ नये म्हणून मधलं दार मी लावून घेतलं होतं.

थोड्या वेळाने केतकी दारातून डोकावली. काळी साडी, वरून काळं जाकीट, कानात हलवा. हातवारे करून म्हणाली, खाली वाळूवर जाऊन येते, उजेड आहे तोवर. मी मान हलवली. खाली म्हणजे घरापुढचा उतार आणि मग पसरलेली ओली वाळू. वाळूच्या पलीकडे एक बुटकं, ओसाड बेट. इतके दिवस खिडकीतून बघत होतो. कधी मध्ये पाणी असायचं, कधी नसायचं. मी समुद्राशी कधी संबंध न आलेली नाशिकची, ती तर नागपूरची. भरती-ओहोटी आम्हा दोघींना भूगोलाच्या पुस्तकातली. वाळू कोरडी दिसली म्हणजे रस्ता आहे, असं तिला वाटलं. बेटावर एक पडका दगडी गोठा आहे. त्याच्यापुढे फोटो छान येईल म्हणून ती चालत पलीकडे गेली.

आदल्या दिवशी अमावस्या होती. आता वाचक सावरून बसले असतील, पण मी ते भुतांसाठी सांगत नाही, भरतीसाठी सांगते आहे. अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी लवकर येतं आणि जास्त येतं. हे मला त्या दिवसानंतर कळलं.

वर्ग संपत आला तेव्हा खिडकीबाहेर काळोख झाला होता, झिमझिम सुरू होती. फोन वाजला. नोरा.

"वर्षा, तुझी मुलगी घरात आहे ना?"

नोरा केतकीला नेहमी 'तुझी मुलगी'च म्हणायची. मी म्हटलं, बघते. मधलं दार उघडलं. बाहेरच्या खोलीत अंधार. वरच्या खोलीत हाक मारली. तिचे बूट जागेवर नव्हते.

"नोरा, ती नाहीये."

"दुपारी काळ्या कपड्यात कोणीतरी वाळूवरून पलीकडे जाताना मला दिसलं होतं. परत येताना मी बघितलं नाही. पाणी कधीच भरलंय. मी बचावदलाच्या बोटवाल्यांना फोन केलाय, पण त्यांना यायला वेळ लागेल. तू धक्क्यावर जा. पाण्यात उतरायचं नाही, ऐकलंस? उतरायचं नाही."

मी केतकीला फोन लावला. बंद.

मला घाई असली तरी माझे हात त्यांच्या क्रमाने काम करतात. जाकीट, टॉर्च, थर्मासमध्ये गरम पाणी, पांघरूण, ऑक्सिमीटर खिशात. स्वयंपाकघरातला दिवा बंद. बाहेर पडताना दिवे बंद करायचे ही वीस वर्षांची सवय, त्या दिवशीही सुटली नाही. घर पूर्ण अंधारात होतं. दार ओढलं आणि धावत सुटले.

धक्का घरापासून उजवीकडे, रस्ता जिथे समुद्रात उतरतो तिथे. त्यावर एक पांढरा, भगभगीत दिव्याचा खांब. मी तिथे उभी राहून टॉर्च हलवत ओरडत होते. समोर काही नव्हतं. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं, म्हणजे कोणत्याच रंगाचं नाही. वाऱ्यात माझीच हाक माझ्या तोंडावर परत येत होती. आणि डोक्यात एकच वाक्य... तिच्या आईला काय सांगू? हा प्रश्न मी आयुष्यात कधी इतक्या नागडेपणाने विचारलेला नाही. मला लाटांची भीती नव्हती वाटत. नागपूरला लावायच्या त्या एका फोनची वाटत होती.

फोन पुन्हा वाजला. वाऱ्यामुळे नोराचं निम्मंच ऐकू येत होतं.

"...शाबास, बरं केलंस. आता त्याला हात लावू नकोस. तसाच राहू दे. तिला दिसला तर ती त्याच्याकडे येईल."

मला वाटलं, माझ्या टॉर्चबद्दल बोलते आहे. मी "हो, हो" म्हटलं आणि टॉर्च अजून उंच धरला.

आणि मग हाक आली. "ताई!"

समोरून नाही. डावीकडून, आमच्या घराच्या खालच्या बाजूने. मी रस्त्यावरून उलटी धावले आणि घरापुढच्या उतारावरून खाली गेले. तिथे गोटे आहेत, मोठे, शेवाळाचे. त्यांच्यावरून चारही हातापायांवर एक काळी आकृती वर येत होती. कमरेच्या वरपर्यंत भिजलेली, साडी पायांत गुंडाळलेली. मी तिला धरलं, तर तिचे दात वाजत होते. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या डोक्यावरून, मागे, वर बघत होती.

मी वळून पाहिलं. आमच्या खिडकीत दिवा होता.

पिवळा, लहान, उभा. अजिबात न हलणारा. इतक्या वाऱ्यापावसात तो एकच ठिपका तेवढा शांत होता. मला त्या क्षणी काहीही विचित्र वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगते. मला एवढंच वाटलं, बरं झालं, दिवा आहे. रोज असतो, तसा आजही आहे. पांघरूण तिच्याभोवती गुंडाळलं आणि आम्ही त्या दिव्याकडे बघत उतार चढलो. टॉर्च मी गोट्यांतच कुठेतरी टाकला होता. फाटकाची कडी मला त्या उजेडात दिसली. गंजलेली कडी, तिच्यावरचे पावसाचे थेंब... मला आजही दिसतात.

दार घराच्या कुशीला आहे, तिथून स्वयंपाकघरात शिरलो. दिवा लावला, हीटर लावला. ओले कपडे काढले, माझा गरम गाऊन तिला घातला. हलव्याचे दागिने विरघळून गेले होते. गळ्यात नुसते दोरे उरले होते, आणि ब्लाउजवर साखरेचा चिकट, खारट थर. ओठ जांभळे दिसत होते. मी खिशातून ऑक्सिमीटर काढला आणि तिच्या बोटाला लावला.

बोट इतकं गार, की बराच वेळ आकडाच येईना. दोन रेघा नुसत्या लुकलुकत राहिल्या. मी तिची बोटं चोळली, पुन्हा लावला. लाल आकडा उजळला. पंच्याण्णव.

मी त्या लाल आकड्याकडे बघत राहिले. उजळलेला आकडा. सेलवर चालणारा...

मेणबत्तीतले सेल या ऑक्सिमीटरमध्ये होते. सकाळपासून तिथेच होते. धक्क्यावर मी ओरडत होते तेव्हाही ते माझ्या खिशात होते.

ऑक्सिमीटर हातात घेऊन मी उठले. मधलं दार उघडलं. बाहेरची खोली अंधारात होती. खिडकीत काही नव्हतं. दिवा लावला. मेणबत्ती सकाळी ठेवली होती तशीच आडवी पडलेली, बूड उघडं, आतल्या दोन्ही स्प्रिंगा दिसत होत्या. शेजारी बशी. बशीत झाकण आणि स्क्रू. कोणी काही हलवलं नव्हतं. बल्बला हात लावला. गार.

पाठीमागून केतकीचा आवाज आला. दारात उभी होती, पांघरूण ओढत.

"ताई, दिवा कायले मालवला? राहू द्यायचा होता ना."

मी मेणबत्ती उचलली आणि तिचं उघडं बूड तिला दाखवलं. मग दुसऱ्या हातातला ऑक्सिमीटर. ती इंजिनिअर आहे, तिला समजायला वेळ लागला नाही.

"बाप्पा," ती म्हणाली, आणि खाली बसली. आणि मग रडायला लागली ती त्या दागिन्यांसाठी. "सासूबाईंनी हातानं केले होते ताई... एक फोटो पण नाही राहिला... फोन पण पाण्यात गेला..." मी तिच्याशेजारी बसले. दोघीही खिडकीकडे पाठ करून बसलो होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

काही वेळाने बोटवाले दारात येऊन गेले. त्यांनी तिला तपासलं, तू नशीबवान आहेस म्हणून बजावलं आणि गेले.

तिने मग जे सांगितलं ते असं. फोटो काढून ती वळली, तर वाळूच्या जागी पाणी. तिला वाटलं चारच तर वाजलेत, अजून खूप उजेड आहे, दुसरीकडून वाट असेल. शोधता शोधता अंधार पडला. फोन हातातून निसटला. मग घाबरून पाण्यात उतरली. समोर धक्क्याचा पांढरा दिवा दिसत होता, त्याच्या रोखाने निघाली, तर चार पावलांत पाणी छातीला लागलं. मागे फिरली. आणि मग उजवीकडे, बरंच बाजूला, तो पिवळा दिवा दिसला.

"मी म्हटलं, ताईंनी सांजवात लावली. म्हणजे घर तिथे. मी दुसरीकडे बघितलंच नाही. पाणी कमरेला, मग मांडीला, मग परत कमरेला... पण कुठेच बुडाले नाही."

रात्री नवऱ्याला फोन लावला. हेमंतने अख्खी नोकरी वीज खात्यात केली आहे.

"हे बघ, सेल नसताना दिवा लागला तर पहिल्यांदा, सेल होते असं समजायचं."

"नव्हते."

"मग दिवा लागला नव्हता असं समजायचं."

"दोघींनी पाहिला. मी त्या उजेडात कडी काढली."

एरवी तो हसला असता. "मुलगी बरी आहे ना?" त्याने विचारलं. "मग आज एवढंच पुरे. झोप."

पण मी एवढ्यावर सोडणारी नाही. दुसऱ्या संध्याकाळी अंधार पडल्यावर मी त्याच गोट्यांवर जाऊन उभी राहिले आणि केतकीला घरात एकेक गोष्ट करायला लावली. स्वयंपाकघरातला दिवा लावून मधलं दार उघडं ठेव : खिडकीत फिकट पांढरा चौकोन दिसतो, ठिपका नाही, आणि तो दिवा तर मी बंद करून गेले होते. धक्क्याच्या खांबाचा प्रकाश काचेवर पडतो का : मध्ये भिंत येते. नोराच्या घरातला उजेड : तो वरून, मागून. गाडीचे दिवे : लॉकडाऊनमध्ये त्या रस्त्याला गाडी कुठली, आणि असती तर उजेड हलला असता. चंद्र नव्हता. एकेक शक्यता खोडत गेले, शेवटी हातात काही उरलं नाही. कारखान्यात असा रिपोर्ट माझ्यासमोर आला असता तर मी तो फेकून दिला असता.

दोघींना भास झाला असेल? भीतीच्या भरात होतं असं. मी हेही मान्य केलं असतं. पण त्याच दिवशी सकाळी नोरा फाटकापाशी येऊन गेली होती. हातात पाव, केतकीसाठी लोकरीचे मोजे.

"बरी आहे ना? ग्रँड. अगं, बेटावर अडकलं तर तिथेच बसून राहायचं असतं, ओहोटी लागेपर्यंत. इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं." मग मला म्हणाली, "तू मात्र डोकं चालवलंस हो. पाण्याखालचा वाळूचा उंच बांध सरळ तुमच्या खिडकीच्या रेषेत आहे. धक्क्याच्या दिव्याकडे निघालं की माणूस खोल पाण्यात जातं. बेटावर वस्ती होती तेव्हा माझी आई त्याचसाठी या खिडकीत दिवा ठेवायची. मी वरून बघत होते. आधी खिडकी काळी होती, मला धडकी भरली. मग तू दिवा लावलास, तेव्हा तुला फोन केला. त्याला हात लावू नकोस म्हणून."

मी तिला आत नेऊ शकत नव्हते, नियम होते. मेणबत्ती बाहेर आणली आणि दगडी कुंपणावर ठेवली. उघडं बूड तिच्याकडे करून. कधी, कशासाठी सेल काढले, ते सांगितलं.

नोराने ती हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. बोटाने एक स्प्रिंग दाबून पाहिली. मग मेणबत्ती माझ्या हातात परत देऊन ती म्हणाली, "आज वारा जरा पडलाय, नाही?" आणि घराकडे गेली. जाताना वळणावर थांबून तिने आमच्या खिडकीकडे एकदा पाहिलं.

त्यानंतर नोराने तो विषय काढला नाही. मीही नाही.

केतकीने सासूबाईंना सांगितलं, फोटो नीट आले नाहीत. त्यांनी पुढच्या संक्रांतीसाठी नवे दागिने करायला घेतलेत असं कळलं. तिच्या आईला मी सगळं सांगितलं, फक्त सेलचं सोडून. उन्हाळ्यात रोहित आला आणि ती दोघं गॉलवे शहरात राहायला गेली. मला कोर्स संपताच नोकरी लागली, काम घरूनच, म्हणून मी इथेच राहिले.

हे लिहिते आहे ते २०२१च्या नोव्हेंबरअखेरीस. अंधार परत आलाय. गेल्या शुक्रवारी नोराने दुकानातून माझं सामान आणलं, त्यात न सांगता बारीक पेन्सिल सेलचं एक पाकीट होतं. म्हणाली, "नाताळ आलाय. खिडकीतल्या मेणबत्तीत घालून टाक." साधं काम आहे. स्क्रू, झाकण, दोन सेल. मिनिटभराचं.

पाकीट खिडकीच्या कट्ट्यावर पडून आहे, न फोडलेलं. सेल घातले, तर यापुढे तो दिवा सेलवर लागेल आणि त्या संध्याकाळी कशावर लागला हे मला कधीच कळणार नाही. नाही घातले, आणि पलीकडे कोणी असलं, तर? माझं मत विचाराल तर सेल घालावेत. तेच सुरक्षित आहे, कोणत्याही ऑडिटमध्ये मी तेच सांगेन. रोज सकाळी यादीत पहिलं काम तेच लिहिते, आणि रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या यादीत ते पुढे ढकलते.

आज पावणेपाचलाच काळोख झाला. बाकी सगळी कामं आटोपली. बशीत स्क्रू आणि झाकण तसंच आहे.

सेल घालायचे राहिलेत.